दीडशे मीटर लांब

सागरी अपघातांच्या चौकशी कार्यालयात तिला सगळे ‘किंतुबाई’ म्हणत. पटलं नाही तर साक्षात ब्रह्मदेव आला तरी ही बाई सही करायची नाही. आणि या प्रकरणात तिला काहीच पटत नव्हतं.

पहाटेच्या धुक्यात एक मच्छीमार बोट बुडाली होती. बोट चालवणारा तांडेल वाचला, त्याचा धाकटा भाऊ गेला. तांडेल सांगत होता, मालवाहू जहाजाने धडक दिली. जहाजाची कंपनी म्हणे, आमचं यंत्र सतत जहाजाची जागा कळवतं, बोटीवरही तसंच यंत्र होतं, दोन्ही नोंदी ताडून बघा. आमचं जहाज दीडशे मीटर लांब होतं. झालं, दोन यंत्रं शहाणी ठरली आणि जिवंत माणूस खोटारडा. हा झोपला, बोट उलटली, आता दुसऱ्याच्या माथी मारतोय, असं गावभर झालं. बाकीच्यांचं सोडा, त्याच्या आईनेही तेच धरलं आणि त्याच्याशी बोलणं टाकलं.

“यंत्राला खोटं बोलून काय मिळणार, बाई?” मोठे साहेब म्हणाले. “तांडेलाचा जबाब बाजूला ठेवा आणि फाइल बंद करा.”

“बाजूला ठेवायला काय लागतं, साहेब? दोन यंत्रं आणि तांडेल, तिघंही खरं सांगत असतील तर?”

“मग देवच पावला. उद्या दुपारपर्यंत बघा. नंतर मी ऐकणार नाही.”

किंतुबाई हट्टाला पेटली. रात्रभर मान मोडून नकाशे बघितले, हाती भोपळा. सकाळी तिला वाटलं, समुद्रात भांडण आहे ना, मग जिथे भांडण नाही तिथे जहाज बघू. अपघाताच्या आदल्या दिवशी ते धक्क्याला बांधलेलं होतं. तिने बंदरातून त्या दिवशीचा फोटो मागवला. फोटोत ते आपल्या जागी गुमान उभं. यंत्राच्या नोंदीवरून काढलेल्या नकाशात मात्र ते मागच्या जहाजाच्या अंगावर चढून बसलं होतं.

“आता बोला,” ती स्वतःशीच म्हणाली.

यंत्र कळवतं ती अँटेनाची जागा. अँटेनापासून जहाजाचं नाक किती पुढे आणि शेपूट किती मागे, हे यंत्र बसवताना माणसाने भरायचं असतं. त्या शहाण्याने दोन्ही आकडे उलटे भरले होते. अँटेना होती पार मागे, आणि नकाशाला वाटत होतं ती नाकाजवळ आहे. म्हणजे नकाशावरचा अँटेनाचा ठिपका बोटीपासून दीडशे मीटर लांब होता हे खरंच. पण ठिपक्याच्या पुढे दीडशे मीटर लोखंड होतं.

साहेबांनी फोटो आणि नकाशा शेजारी शेजारी ठेवून बघितला, दोनदा. मग म्हणाले, “कंपनीला बोलवा. आणि बाहेर बसलाय त्या तांडेलाला आत बोलवा.”

तांडेलाने सगळं उभ्याउभ्याच ऐकलं. आनंद वगैरे काही दिसला नाही. एवढा छळ झाल्यावर दिसणार तरी कुठून? तो एवढंच म्हणाला, “ताई, हे आईला तुम्ही सांगा. माझं ती ऐकत नाही.”

किंतुबाईने तिथूनच फोन लावला आणि म्हातारीला समजेल असं सगळं सांगितलं. धडक जहाजाचीच होती, तुमचा मुलगा झोपला नव्हता.

“हे तर त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,” म्हातारी म्हणाली. मग तिने विचारलं, “तो आहे का तिथे? त्याला द्या.”