गाव विचारू नये

जगदेवीने पळीचा दांडा फरशीवर दोनदा आपटला आणि वहीत बघून मोठ्याने विचारले,

"हू खात यू नार दे मार्क्त?"

समोर बसलेल्या शिवलीलेने डोळे मिटले. परीक्षेत प्रश्न संगणक विचारणार होता, त्याला चेहरा नसणार होता, म्हणून सराव करताना ती आईकडे बघायचीच नाही.

"मेन मान," ती म्हणाली. माझा नवरा.

"चूक. बाजारात कसं जाता म्हनून इचारलं मी. तू कोन जातंय ते सांगून राहिली."

"मम्मी, इंग्रजीत हू म्हणजे कोण. तेच आधी तोंडात येतं."

"इंग्रजीचं इंग्रजीपाशी ठेव. इथं हू म्हंजे कसं, अन् कोन म्हंजे वी. किती बार सांगू?"

शिवलीला बी.एस्सी. झालेली होती आणि जगदेवी सातवी. पण डच भाषेच्या प्रश्नांत चुकत होती ती बी.एस्सी.च. जगदेवीच्या डोक्यात इंग्रजी नव्हतेच, त्यामुळे तिची गल्लत व्हायचे कारण नव्हते. रिकाम्या डब्यात धान्य नीट बसते, असे ती स्वतःच म्हणायची आणि स्वतःच हसायची.

लग्न डिसेंबरात झाले होते. जावई मूळचा उदगीरचा, पण आता हॉलंडचाच नागरिक झालेला. बायकोला तिकडे न्यायचे तर तिने आधी मुंबईला वकिलातीत बसून त्यांच्या भाषेची परीक्षा द्यायची, असा तिथला कायदा. जावयाने फोनवरून शिकवायचे, शिवलीलेने ते देवनागरीत वहीत उतरवायचे आणि दुपारी जगदेवीने प्रश्न विचारायचे, असे तीन महिने चालले होते. परीक्षेला आता बारा दिवस उरले होते.

एरवी या घरात दुपारी कुणाला असा वेळ मिळाला नसता. लातूरच्या शिकवण्यांना गावोगावची पोरे येतात आणि त्यांतली साठ-सत्तर पोरे या घरच्या मेसमध्ये जेवायची. पण या वर्षी पाणीच संपले. नळ कोरडे, टँकर आठवड्यातून एकदा. मिरजेहून रेल्वेने पाणी येणार अशी बातमी होती. पोरांनी गाद्या गुंडाळल्या आणि ती आपापल्या गावी गेली. मोठी पातेली उपडी पडली. जगदेवी म्हणायची, दुष्काळाने हातची भाकर नेली आणि हातात वही दिली.

मेस सुरू केली होती तिच्या आईने, गुरम्माने. लातूरचा जिल्हा झाला त्या वर्षी कचेऱ्या आल्या, कारकून आले, कारकुनांना भाकरी लागली. गुरम्मा विधवा झालेली, पदरी अकरा-बारा वर्षांची जगदेवी. औशाहून बिऱ्हाड घेऊन ती इथे आली आणि तिने चूल मांडली. पुढे जगदेवीचा नवरा शंकरप्पा घरजावई म्हणून आला, तोही त्याच चुलीवर रुजू झाला. गुरम्माचा एकच नियम होता. दारात आलेल्याला आधी पाणी विचारावे, गाव विचारू नये. गाव विचारले की आडनाव येते, आडनावामागून जात येते, आणि मग भाकरी वाढणारा हात आखडतो, असे तिचे म्हणणे. त्यामुळे तिच्या पंगतीत धर्माबादच्या अडत्याचा मुलगा आणि मुदखेडच्या मजुराचा मुलगा मांडीला मांडी लावून जेवत आले. लोक त्या नियमासाठी तिला मानायचे.

जगदेवी तर त्या नियमावरच वाढली होती.

गुरम्मा आता पंचाहत्तरीला आली होती. भिंतीला टेकून, मांडीवर सूप घेऊन ज्वारी निवडत बसायची. मेस बंद होती, निवडायला फारसे काही नव्हते, तरी सूप सुटत नव्हते. मध्येच मान खाली जायची. आजी पेंगते आहे असे समजून दोघींचा सराव चालू राहायचा.

"पुढचं घे," शिवलीला म्हणाली. "नवीन पान आहे. कुटुंब."

जगदेवीने पान उलटले. अक्षरे लावत तिने वाचले, "वार कोम्त यू मूदर फान्दान?"

"तुमची आई कुठून आली," शिवलीलेने अर्थ सांगितला. "आधी शिकवलं होतं ना, त्यांच्यात 'कुठून'चे दोन तुकडे असतात. 'वार' पुढे आणि 'फान्दान' एकदम शेवटी. शेवटचा विसरला की 'कुठून'चं नुसतं 'कुठं' होतं आणि मार्क जातात." मग तिने पेन उचलले. "काय लिहू मम्मी? औसाच ना?"

"औसा," जगदेवी म्हणाली.

"जन्म पण औशाचाच?"

"लिही की. इतकं कोन बघतंय."

एवढ्यात बाहेरून शंकरप्पाची हाक आली. टँकर कोपऱ्यावर आला होता. शिवलीला वही तशीच टाकून, दोन घागरी उचलून पळाली.

घरात दोघीच राहिल्या. जगदेवी वहीतल्या त्या ओळीकडे बघत बसली.

औसा हे उत्तर खोटे नव्हते. पण ते पुरते खरेही नव्हते, हे जगदेवीला नऊ वर्षांची असल्यापासून ठाऊक होते. शाळेत भांडणात एक मुलगी म्हणाली होती, "तू खडीवरची हायस. दुष्काळात सापडलेली." ती पळत घरी आली, गुरम्मासमोर उभी राहिली आणि तोंड उघडले. गुरम्माने तिच्याकडे पाहिले आणि उघड्या तोंडात गुळाचा खडा घातला. तो चघळता चघळता प्रश्न विरघळून गेला. पुढे तो कितीदा तरी ओठांवर आला. लग्न ठरताना आला, शिवलीलेच्या वेळी बाळंतपणात आला. दर वेळी तिला वाटायचे, जिने आपल्याला कुणाची म्हणून कधी विचारले नाही, गळ्यात इष्टलिंग बांधून सरळ माझी म्हटले, तिला आपण कोणत्या तोंडाने विचारायचे? ते विचारणे म्हणजे खाल्ल्या ताटात थुंकणे झाले असते. तिने कधीच विचारले नाही, आणि न विचारण्यालाच ती आपली कृतज्ञता समजत आली.

पण आता पोर परदेशी चालली होती. आईचे गाव कोणते, असे परके लोक तिला विचारणार होते. तिला सांगायला जगदेवीपाशी काही नव्हते. आणि सांगू शकेल असे जगात एकच माणूस होते, ते भिंतीला टेकून पेंगत होते. त्या माणसाचे वय जगदेवीला माहीत होते.

तिने वही मिटली. चुलीकडे तोंड केले. मराठीत तो प्रश्न तिच्याने विचारवला नसता. पण या परक्या भाषेत तिने कुणाचे मीठ खाल्ले नव्हते. सरावच तर करायचा होता. वहीत सगळे प्रश्न 'तुम्ही'चे होते, 'मी'चा, म्हणजे 'इक'चा, एकही नव्हता. तो तिने स्वतःच जुळवला, मनात दोनदा घोळवून पाहिला. तीन महिन्यांत तिने स्वतः रचलेले हे पहिलेच वाक्य.

"वार कोम इक..." ती म्हणाली. पुढचा शब्द येईना.

मागे सूप खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"फान्दान," गुरम्मा म्हणाली. "ते शेवटाला येतं. सांगितलं न्हाई का पोरीनं?"

जगदेवी वळली. गुरम्मा टक्क जागी होती. डोळे पाण्याने भरले होते, पण नजर सरळ होती.

"अव्वा, तू... कळतं तुला?"

"तीन महिने कानावर पडून राहिलंय. म्हातारी झाले, बहिरी न्हाई झाले." तिने पदराने तोंड पुसले. "लई वर्सं वाट बघितली, तू कवा इचारशील म्हनून. अन् इचारू नये म्हनून बी देवाला हात जोडले. बस हितं."

जगदेवी जवळ येऊन बसली.

"मला म्हाईत न्हाई," गुरम्मा म्हणाली.

"असू दे अव्वा. कुनी ठेवून गेलं आसंल, तुला तरी कसं..."

"थांब. आयकून घे. म्हाईत न्हाई, कारन मी होऊ दिलं न्हाई." ती थांबत थांबत बोलत होती. "बाहत्तरचा दुष्काळ. औशाच्या रोडला सरकारी खडी फोडायचं काम चालू होतं. आमचं चहाचं हाटेल रोडलाच. एक बाई आली, कडंवर तू. दोन वर्साची असशील, पर वजन काय न्हवतं तुला. ती उभ्याउभ्याच सांगाया लागली. म्हनली, 'माय, मी मुदखेडच्या बाजूची, आमचं गाव...' अन् मी तिला तितंच आडवलं. म्हनलं, आधी पानी पी. मंग भाकर खा. ती घास गिळून परत सांगाया बघायची, की मी दुसरी वाढायची. मी तिचं तोंड रिकामंच होऊ दिलं न्हाई."

जगदेवीने मधले सूप बाजूला सारले.

"लग्नाला बारा वर्सं झालती माझ्या. पोटी काय न्हवतं. तू माझ्या पदराचं टोक धरलंस अन् मला कळलं, ही बाई गावाचं नाव बोलली की संपलं. ती म्हनली, 'काम लागलंय पुढच्या खडीवर, तवर हिला दोन घास घाला, पावसाला नेते.' पाऊस आला. समदी मानसं आपापल्या गावाला परतली. ती आली न्हाई. जगली का मेली देव जाने. मला गाव म्हाईत असतं तर तुला घेऊन जावं लागलं असतं. म्हाईत न्हवतं, म्हनून मी सुटले. लोक म्हनत्यात, गुरम्मा लई थोर, कुनाचं गाव इचारत न्हाई. त्या थोरपनाचं मूळ हे असं हाय."

बाहेर टँकरभोवती गलका चालला होता. घागरी आपटत होत्या, कुणीतरी कुणाचा नंबर मोडल्यावरून भांडत होते.

"तुझी माय तुझं गाव सांगत होती अन् मी तिला सांगू दिलं न्हाई," गुरम्मा म्हणाली. मग तिने आयुष्यात पहिल्यांदा जगदेवीला असे काही विचारले, ज्याचे उत्तर तिला ठाऊक नव्हते. "राग आला?"

जगदेवीने खरे तेच सांगितले. "आला."

गुरम्माने मान हलवली. तिला तेच अपेक्षित असावे.

राग आला होता आणि तो छातीत गरम लागत होता. पण त्याच्याशेजारी दुसरेही काही होते, आणि ते रागाहून मोठे होते. इतकी वर्षे जगदेवीला वाटत आले होते की आपल्याला कुणीतरी टाकले आणि कुणीतरी दया करून उचलले. आता दोन बाया दिसत होत्या. एक तिला परत न्यायचे म्हणून गावाचे नाव सांगू बघत होती. दुसरी तिला ठेवून घ्यायचे म्हणून भाकरीमागून भाकरी वाढत होती. दोघींनाही ती हवी होती. एवढे तिला कुणी कधी सांगितले नव्हते, आणि त्यासाठी तिला समोरच्या म्हातारीचे पाय धरावेसे वाटले. तिने पाय धरले नाहीत. म्हातारीचा हात तेवढा हातात घेतला.

"अव्वा, एक इचारू?"

"आता समदंच इचार."

"ती जेवली का पर नीट? पोटभर?"

गुरम्माचा चेहरा सैल झाला.

"तीन भाकरी खाल्ल्या," ती म्हणाली. "मिलोच्या, रेशनवर यायचा त्या परदेशी जोंधळ्याच्या. लाल, कडक. संग ठेचा अन् कांदा दिला. तांब्याभर पानी पिली. जाताना चौथी भाकर मी बांधून दिली. तिचा पदर फाटका होता, भाकर खाली पडायची. म्हनून माझ्या लुगड्याचा तुकडा फाडून त्यात बांधली."

जगदेवीने डोळे पुसले. किती तरी वेळ ती तो हात सोडायला तयार नव्हती.

"म्हंजे जाताना तिला भूक न्हवती," ती म्हणाली.

"न्हवती," गुरम्मा म्हणाली. "माझ्या दारातून ती भुकेली गेली न्हाई."