काढ्याचा चोथा

मातीचं भांडं उपडं करून सूफनने चोथा गल्लीच्या तोंडाशी ओतला आणि बुडावर दोन चापट्या मारल्या. वाफाळत्या ढिगात शेवंतीची भिजकी फुलं होती, आकड्यांसारखे वेलीचे काटे होते, शिंपल्यांचे तुकडे होते. नवऱ्याचा रक्तदाब त्यात होता की नाही हे दिसत नव्हतं, पण असणार असं सगळी गल्ली धरून चाले. चोथा रस्त्यात टाकायचा, येणारेजाणारे तो तुडवतात, आजार त्यांच्या तळव्यांना लागून निघून जातो. अडचण एवढीच, की येणारेजाणारेही याच बोचौ शहरातले, हा तोडगा जाणणारेच होते. ते वळसा घालून जात.

वरच्या खिडकीतून तिचा नवरा गेंग देशान बघत होता. तीस वर्षं गिरणीत मुकादमी केलेला माणूस, देखरेख अंगात मुरलेली.

“कुणी तुडवतंय का?”

“नाही.”

“मग तूच तुडव. चांगली चार पावलं. आणि येताना पाय नीट पुस, नाहीतर परत घरात आणशील.”

तिने तुडवलं. दोन महिने रोज तुडवत होती. त्याला राग येऊ द्यायचा नाही, अशी वैद्यांची ताकीद होती. त्यामुळे घरात रागावण्याचं काम तो एकटाच करी.

त्या दिवशी दोघं वैद्य शाङ यांच्याकडे गेली. वैद्यांनी देशानच्या मनगटावर तीन बोटं ठेवली, मग यंत्राचा पट्टा बांधला. एकशे सत्तरवरून एकशे अडतीस. देशानने गिरणीत बक्षीस मिळाल्यासारखी मान हलवली. सूफन उठायला गेली आणि टेबलाची कड धरून तशीच उभी राहिली. वैद्यांनी काही न विचारता तिचं मनगट धरलं. बोटं बराच वेळ तिथेच राहिली.

“तार ताणल्यासारखी नाडी आहे,” ते म्हणाले आणि तिच्या दंडाला पट्टा बांधला.

एकशे चौऱ्याण्णव.

“चक्कर कधीपासून येते, वहिनी?”

“झाले दोन महिने.”

देशानने बोटांवर हिशेब केला. त्याच्या चेहऱ्यावर समाधान पसरत गेलं.

“बघा वैद्यबुवा. माझं उतरलं, तेव्हापासूनच हिचं चढलं. मी सांगत होतो ना, चोथा लागू पडतोय.”

“हे थट्टेवारी नेऊ नका. यांनाही आजपासून औषध हवं. लिहून देतो.”

“आणि उकळणार कोण? हीच ना? दोन-दोन काढ्यांपुढे बसली तर विस्तवाने आणखी चढेल. त्यापेक्षा माझ्याच काढ्याला दुसरी उकळी आणून तेवढं पाणी हिला देऊ.”

“त्यांची प्रकृती वेगळी आहे.”

“चाळीस वर्षं माझ्या घरात आहे. वेगळी कशी असेल?”

वैद्यांनी तरी कागद लिहिला. देशानने तो चार घड्या घालून स्वतःच्या खिशात ठेवला. “उन्हाळा सरू दे, मग बघू.” वैद्य शिसपेन्सिलीला टोक काढत बसले. सूफनने त्याची छत्री उचलली.

दुसऱ्या दिवशी त्याला काढा देऊन ती भांडं घेऊन दाराबाहेर आली. जिन्यात कुणी नव्हतं. शिंपल्यांचे तुकडे तिने एकेक करून वेचून काढले. पायाखाली वाजले असते. उरलेला चोथा घट्ट पिळला आणि गोणपाटाच्या पायपुसण्याखाली हाताने सारखा पसरला, भाकरी थापावी तसा. शिंपले मात्र रोजच्या जागी नेऊन टाकले. खिडकीतून तेवढे पुरेसे दिसत होते. त्यांवर तिने मोजून चार पावलं दिली.

दुपारी देशान बुद्धिबळाचा डाव जिंकून परतला. खुशीत होता. तिने दार उघडलं, तसा त्याने एक पाय आत टाकला.

“अहो,” ती म्हणाली, “पाय नीट पुसा.”

तो स्वच्छतेचा भोक्ता. पाय मागे घेतला. आधी उजवा पुसला, मग डावा, मग पुन्हा दोन्ही.