दगा मी दिला नाही

मी अतिदक्षता विभागातला पंप बोलतोय. ज्याचं हृदय थकलंय त्याचं रक्त मी नळीतून बाहेर ओढतो आणि प्राणवायू मिसळला की परत अंगात ढकलतो. कारखान्यातून इथे आलो तेव्हा माझा काय थाट होता! सगळ्या डॉक्टरांनी माझ्या शेजारी उभं राहून फोटो काढून घेतले.

मग माझ्याकडे कप्तान आले. ते पोहायला शिकवायचे. तलावावरची पोरं त्यांना कप्तान म्हणत, म्हणून इथेही तेच नाव पडलं. त्यांच्या हृदयाची झडप बदलली. झडप छान बसली, पण हृदयच चालायचं नाव घेईना. मोठ्या सर्जननी त्यांच्या बायकोला सांगितलं, हृदयाला जरा दम खाऊ दे, तोवर हे मशीन आहे.

बाई रोज भेटीच्या वेळी यायची. नवऱ्याच्या अंगावर इतक्या नळ्या, की हात कुठे लावावा तेच तिला कळायचं नाही. मग ती माझ्यावर हात ठेवून म्हणायची, "सांभाळ रे बाबा." माणसं मशीनशी बोलतात ती बहुतेक शिव्या द्यायलाच. मला हे नवीन होतं. मी जीव तोडून फिरत राहिलो. कप्तानांचं हृदय हळूहळू सावरलं आणि मला काढायचं ठरलं.

आमच्या विभागात एक पद्धत होती. नातेवाईक घाबरू नयेत म्हणून भेटीच्या वेळी मशीनचे अलार्म बंद करून ठेवायचे. त्या दुपारी मला चालवणाऱ्या ताईनं माझाही आवाज बंद केला. ती माझी लाडकी होती; माझी प्रत्येक नळी तिच्या हातची.

थोड्याच वेळात कप्तानांच्या हृदयाभोवती रक्त साठू लागलं. त्या दाबानं माझ्याकडे रक्त येईना. नळी थडथडू लागली, लाल दिवा लागला, मी ओरडत होतो, पण आवाजच नव्हता. ताई पाठमोरी उभी राहून कप्तानांच्या भावाची समजूत घालत होती. शेवटी बाईनंच विचारलं, ही नळी अशी का हलतेय? धावपळ झाली, छाती पुन्हा उघडली. उशीर झाला होता. कप्तान गेले.

दारात सर्जन बाईला म्हणाले, "आम्ही शर्थ केली. ऐन वेळी मशीननं दगा दिला."

ताई शेजारीच होती. मला वाटलं, आता ती खरं सांगेल. तिनं मान खाली घातली. बाईनं तर नळी थडथडताना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, तिला ते लगेच पटलं. माझ्यासमोर येऊन ती म्हणाली, "तुझ्यावर भरवसा ठेवला होता मी."

पुढे मला खोलून तपासलं. दोष काही सापडला नाही, पण बसलेला शिक्का पुसायची कुणाला गरज वाटली नाही. आता मी मोडक्या खाटांबरोबर अडगळीत आहे. परवा ताई माझी एक वायर न्यायला आली. दार लोटून हळूच म्हणाली, "तुला नुसतं इथे टाकलं रे. मला घरी बसवलं असतं." तिचंही खोटं नाही. तरी मला तिचा फार राग आला, आणि अजून तो गेलेला नाही.

मला परत कामावर घ्या असं मी म्हणत नाही. तुमच्यापैकी कुणाला ती बाई भेटली, तर एवढंच सांगा: तुम्ही ती नळी हलताना पाहिलीत ना, तेव्हा तो पंप तुम्हालाच हाक मारत होता.