ताईंची जागा

रक्ततपासणीच्या त्या प्रयोगशाळेत नोकरीला लागून त्याला दोन वर्षं होत आली होती, तरी त्याचं नाव अजून 'नवे' हेच होतं. तोंडावर "अहो नवे", पाठीमागे "तो नवा". याला कारण ताई. त्याच्या आधी सर्व्हर सांभाळणाऱ्या ताई निवृत्त होऊन गेल्या होत्या, पण गेल्या म्हणायचं आपलं. प्रिंटर अडकला की काउंटरवरची मुलगी म्हणायची, "ताई नुसत्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या तरी सुरू व्हायचा हो." रिपोर्ट निघायला जरा वेळ लागला की आतले तंत्रज्ञ एकमेकांकडे बघून सुस्कारे सोडायचे. आणि साहेबांचं तर विचारूच नका. त्यांचं प्रत्येक दुसरं वाक्य "ताई असत्या तर" इथून सुरू व्हायचं.

नव्याने ताईंना कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. म्हणूनच तो जास्त जळायचा. समोरच्या माणसाच्या निदान खोड्या तरी दिसतात.

"हा शुद्ध सवतीमत्सर आहे," त्याची बायको म्हणायची. ती दातांची डॉक्टर. "आम्हीही पेशंटने आ केला की आधी विचारतो, हा दात कोणी भरलाय? आणि नाक मुरडतो. पण आम्ही निदान दात तरी तपासतो. तू नुसतंच नाक मुरडतोस."

अशात जुना सर्व्हर धापा टाकायला लागला आणि साहेबांनी नवा मंजूर केला. खोकी नव्याने स्वतःच उघडली, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आता या खोलीत पहिल्यांदाच एक वस्तू अशी येणार होती, जिला ताईंचा हात लागलेला नाही.

सर्व्हरवर ऑपरेटिंग सिस्टम बसवायची म्हणजे सुरुवातीलाच ठरवावं लागतं, डिस्कचे भाग कसे पाडायचे. मूळ सिस्टमला किती जागा, माणसांच्या फायलींना किती, रिपोर्टांच्या साठ्याला किती. एकदा मांडलं की मांडलं. पुढे बदलायचं तर भरल्या घरात फरशी उखडण्यासारखं. जुन्या सर्व्हरवर ताईंनी सात बारके कप्पे केले होते, आणि या कप्प्यातलं त्या कप्प्यात ढकलून जागा करता करता नव्याच्या नाकी नऊ आले होते. त्यामुळे त्याने पक्कं केलं: भाग दोनच. एक रिपोर्टांचा, आणि बाकी सगळं एका ऐसपैस भागात. यंत्रं दिवसभर ज्या बारीकसारीक नोंदी लिहीत बसतात, त्या लॉगना युनिक्स सिस्टममध्ये 'व्हार' नावाची जागा असते. तीही त्याने त्या ऐसपैस भागाच्याच पोटात घातली. फळ्यावर मोठे दोन चौकोन काढले आणि लांब उभा राहून पाहिले. ताईंच्या कप्प्यांचं नामोनिशाण नव्हतं. त्याला बरं वाटलं.

बसवायच्या दिवशी दुपारी बाहेर एकदम गलका झाला. साहेबांनी ताईंना बोलावून घेतलं होतं, आणि त्याला सांगितलंही नव्हतं.

नव्याच्या मनातल्या ताई उंच, करारी होत्या. आल्या त्या एक बुटक्या, काटकुळ्या, खांद्याला कापडी पिशवी लावलेल्या बाई. मागोमाग सगळी प्रयोगशाळा. काउंटरवरची मुलगी तर काउंटर सोडून आलेली. ताई आत आल्या आणि सरळ नव्याच्या खुर्चीत बसल्या. न बघता हात मागे नेऊन त्यांनी पाठीमागची कळ दाबली आणि खुर्ची खाली घेतली.

"ही कळ कुठे असते ते मला आज कळलं," नवा म्हणाला. कुणी हसलं नाही.

ताईंचं लक्ष नव्या सर्व्हरकडे होतं. "जागा किती आहे?"

त्याने आकडा सांगितला. ताईंनी उठून सर्व्हरच्या कडेवरून हलकेच बोट फिरवलं.

"असा सर्व्हर मी साहेबांकडे नऊ वर्षं मागत होते," त्या म्हणाल्या. "दर वेळी, 'ताई, तुम्ही निभावून न्याल.' तुम्हाला एका फटक्यात मिळाला?"

साहेब खिडकीबाहेर बघायला लागले. नव्याला ताईंच्या आवाजातला तो बारीक काटा बरोबर ओळखू आला, त्याच्या स्वतःच्या मनातला रोजचाच तर होता. ताई त्याच्यावर जळत होत्या! आयुष्यात इतकं गोड त्याने काही ऐकलं नव्हतं.

पण तेवढ्यात ताई फळ्याकडे वळल्या. "व्हार वेगळा नाही ठेवलात?"

"गरज नाही. जागा भरपूर आहे."

"जागा कितीही असू दे. एखादं यंत्र बिघडलं आणि लॉग ओकत सुटलं, तर ते सगळी जागा खाईल. मग सिस्टमला श्वास घ्यायलाही जागा उरायची नाही. वेगळा असला तर तेवढाच भरेल, बाकी चालू राहील."

त्यांचं बरोबर होतं. बोलून संपायच्या आतच नव्याला ते पटलं होतं. पण समोर सगळे उभे होते, माना आधीच ताईंच्या बाजूने डोलायला लागल्या होत्या.

"तुमच्या वेळच्या डिस्का लहान होत्या," तो म्हणाला. "आता तसं करत नाहीत."

ताईंनी पिशवी उचलली. "तुमचा सर्व्हर आहे," एवढंच म्हणाल्या आणि चहासुद्धा न घेता निघून गेल्या.

नव्याने दार लावून घेतलं आणि काम सुरू केलं. पडद्यावर तो प्रश्न आला: भाग कसे पाडायचे? त्याने दोन भाग टाकले. पुसले. पुन्हा दोन टाकले. खुर्ची अजून ताईंच्या उंचीवरच होती आणि त्याचे गुडघे छातीशी येत होते. शेवटी दात-ओठ खात त्याने व्हारला वेगळा भाग दिला.

"ताईंचं ऐकलंत वाटतं?" साहेबांनी संध्याकाळी विचारलं.

"छे! माझं आधीपासून तसंच ठरलं होतं. फळ्यावर काढायचं राहिलं."

महिन्याभरात एका तपासणी यंत्राचा सेन्सर बिघडला आणि ते तीच एक चूक एकसारखी लिहीत बसलं. नवा कामावर आला तेव्हा व्हार काठोकाठ भरला होता. पण बाहेर रांग सरकत होती आणि रिपोर्ट छापून निघत होते. त्याने यंत्र बंद करवलं, लॉग साफ केले, आणि चहाच्या वेळेपर्यंत सगळं पूर्ववत झालं.

"ताईंच्या पहिल्या सर्व्हरवर एकदा हेच झालं होतं," साहेब सगळ्यांसमोर म्हणाले, "तेव्हा अर्धा दिवस कारभार ठप्प होता. शाबास, नवे!"

ज्या वाक्यासाठी तो दोन वर्षं झुरला, ते वाक्य आलं, आणि गोड लागेना. घरी त्याने बायकोला सगळं सांगितलं.

"मग फोन कर की त्यांना," ती म्हणाली.

त्याने केला. "ताई, व्हार भरला होता."

"वेगळा होता?"

"होता."

"आणि साहेबांना काय सांगितलंत?"

"माझंच डोकं, असं."

"वा!" ताई कडाडल्या. "माझी नऊ वर्षं तो सर्व्हर मागण्यात गेली, आणि आता अक्कलही तुमच्याच खात्यात? उद्या जाऊन सांगा!"

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी त्याने सांगितलं. कान तापले होते, पण सांगितलं. साहेबांनी कप खाली ठेवला आणि त्यांचा चेहरा उजळला.

"तरीच! मला वाटलंच होतं. इथे नसतानाही सर्व्हर वाचवला त्यांनी. ताई म्हणजे ताई!"

काउंटरवरच्या मुलीने टाळी वाजवली. तंत्रज्ञ म्हणाले, असं माणूस होणे नाही. नवा पुन्हा जळायला लागला, आधीपेक्षा जास्त.

दुपारी ताईंचाच फोन आला. "सांगितलंत?"

"सांगितलं."

"मग? काय म्हणाले साहेब?" ताईंचा आवाज आतुर झाला होता, अगदी निकालाची वाट बघणाऱ्या पोरीसारखा.

नव्याने खुर्ची ओढली आणि आरामात बसला.

"काही विशेष नाही," तो म्हणाला. "बरं, म्हणाले."