दांड्यावरचा शिडवाला

मच्छीमार सोसायटीच्या पत्र्याच्या शेडमध्ये पत्र वाचून होईपर्यंत म्हातारा तांडेल, जन्मभर होडी हाकलेला, जाळं शिवत बसला होता. पत्र वाचणारा त्याचाच पुतण्या होता. तो डाव्या हाताने वल्हं मारायचा, डाव्या हाताने सही करायचा, म्हणून त्याला सगळे डावखुरा म्हणत. सहीची वेळ वारंवार यायला लागली तेव्हा लोकांनी त्याला सोसायटीचा सेक्रेटरी करून टाकलं.

सरकारच्या त्या पत्रात लिहिलं होतं की आखातातले सील दहा वर्षांत निम्म्यावर आले आहेत. ते जाळ्यांत अडकून मरत असतील, तर पुढच्या हंगामापासून आखातात जाळं टाकायला बंदी येईल. खरं काय ते शोधायला एक संशोधक बाई येणार होत्या. जुन्या लोकांना काय माहीत आहे ते त्या विचारून घेणार होत्या.

शेडमध्ये गलका झाला. सील कोण खातं हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सील म्हणजे मिशांचा, कुत्र्याच्या तोंडाचा, खडकावर ऊन खात लोळणारा प्राणी. जाळ्यात सापडलाच, तर जाळं फाडून निघून जातो. त्याला खातो तो शिडवाला. अंगाने काळा, पोटाशी पांढरा, पुरुषभर उंचीचा पर पाठीवर शिडासारखा उभा. देवमाशाच्याच जातीतला, पण वाघाच्या वृत्तीचा.

"सांगून टाका सगळं बाईंना," डावखुरा म्हणाला. "कसा येतो, कसा मारतो, काहीही लपवू नका."

"आणि कुठे मारतो ते?" तांडेलाने मान वर न करता विचारलं.

शेड एकदम गप्प झाली.

हे गप्प होणं समजून घ्यायला हवं. शिडवाला जातो सीलांमागे, सील जातात माशांमागे. म्हणजे शिडवाला दिसला ती जागा सांगायची, तर आपली मासळीची जागा सांगायची. आणि जागा कोणी कोणाला सांगत नसे. बाप मुलाला सांगायचा तेही स्वतःच्या डोळ्यांना कमी दिसायला लागल्यावर. मासळी कुठे मिळाली असं कोणी विचारलंच, तर उत्तर ठरलेलं होतं: दांड्यावर. बंदराच्या तोंडापासून जरा बाजूला वाळूचा दांडा होता. ओहोटीला तिथे गुडघाभर पाणी असे, आणि मासा म्हणावा असा मासा तिथे कोणाच्या पणजोबालाही मिळाला नव्हता. पण विचारणाऱ्याचा मान राहायचा, सांगणाऱ्याची जागा राहायची.

"पोटावर पाय येतोय," तांडेल म्हणाला. "आता तरी खरं सांगा. अर्धं खरं सांगितलं तर बाई बाकीचं अर्धंही खोटं धरतील."

"काका, तुमचं वय झालं, तुम्हाला जागा उरली काय आणि गेली काय," डावखुरा म्हणाला, आणि सगळे हसले. तांडेलाच्या सुईने एक टाका चुकवला.

बाई आल्या. उन्हाने नाक सोललेलं, गळ्यात दुर्बीण, काखेत जाडजूड वही. दुसऱ्याच दिवशी गावाने त्यांचं नाव वहीवाली ठेवलं. त्या घरोघरी जायच्या, जमिनीवर मांडी घालून बसायच्या, आणि कोणी बोलायला लागलं की मध्ये तोंड घालायच्या नाहीत. हा गुण तांडेलाला फार आवडला.

त्यांना तो सगळं लहान मुलीला शिकवावं तसं सांगत गेला. जाळं तरंगत ठेवणारी लाकडी बोंडं जमिनीवर मांडून त्याने सील केले आणि आपली चप्पल शिडवाला म्हणून सरकवली. शिडवाला आला की आधी आवाज जातो, तो म्हणाला. खडकावर दिवसभर भुंकणारे सील एकदम मुके होतात. काठाकाठाने उथळ पाण्यात घुसतात, होडीच्या पोटाखालीसुद्धा येऊन लपतात, माणसाची भीती विसरतात. मग लांबवर पाण्याचा एक तुकडा गुळगुळीत दिसतो. तो चरबीच्या तेलाचा तवंग. वर पक्षी गोळा होतात. जवळ जावं तर उलटं सोललेलं कातडं तरंगत असतं.

वहीवालीचं पेन धावत होतं. शेवटी त्यांनी नकाशा पसरला आणि सगळ्यांना विचारायच्या तो प्रश्न विचारला.

तांडेलाने नकाशा आपल्याकडे वळवून घेतला. दाराआड त्याची बायको सुपारी कातरत होती. तिच्या अडकित्त्याचा आवाज थांबला.

"दीपस्तंभ आणि बर्फाच्या कारखान्याचं धुराडं एका रेषेत आलं पाहिजे," तो म्हणाला. "त्या रेषेवर, खडकांच्या पलीकडे. खाली खोल कपार आहे. तिथे."

त्याने बोट ठेवलं. चाळीस वर्षं मुठीत धरलेली जागा त्याने एका परक्या बाईच्या कागदावर ठेवली. बाईंनी पेन्सिलीने बारीक फुली मारली.

त्या गेल्यावर बायको बाहेर आली. "मला लग्नापासून दांडाच सांगत आलात," ती म्हणाली.

"तुला सांगून काय उपयोग होता?"

"सांगायची गरजही नव्हती. दांड्यावरची जाळी असती तर वाळू झटकली असती मी. तुमच्या जाळ्यांतून जन्मभर काळा चिखल धुतलाय. कपार कुठे आहे ते बाकी कोणाला नसेल कळलं, धुणाऱ्या बाईला कळतं."



बाईंच्या यादीतल्या उरलेल्या एकोणीस जुन्या माणसांनी वहीवालीला आवाज, तवंग, पक्षी, कातडं, सगळं अगदी खरं सांगितलं. आणि नकाशा पुढे आल्यावर एकोणीसही बोटं दांड्यावर गेली. त्यांनी काही कट केला नव्हता. जीभ वळायची तशी वळली. बाई सहा दिवस दांड्यावर दुर्बीण लावून बसल्या, दोनदा त्यांची होडी वाळूत रुतली, ती डावखुऱ्याने ओढून काढली. सहा दिवसांत काहीच दिसलं नाही. हे दिवस त्याच्या येण्याचे नसावेत, असं त्यांनी वहीत लिहिलं.

चार महिन्यांनी अहवाल आला. डावखुऱ्याने शेडमध्ये तो वाचून दाखवला. सीलांचा घात जाळी करत नाहीत, शिडवाला करतो. स्थानिक लोकांचं ज्ञान बारीक आणि विश्वासार्ह आहे. वेगवेगळ्या घरांत, एकमेकांना न विचारता, एकोणीस जणांनी एकच जागा दाखवली, याहून मोठा पुरावा नाही. सबब आखातात जाळ्यांना बंदी नको. फक्त दांडा आणि त्याच्या भोवतालचं पाणी राखीव करावं, तिथे कोणी होडी नेऊ नये.

हसून हसून लोकांचे डोळे भरून आले. एकजण तर माशांच्या टोपलीतच बसला.

"तळटीप आहे एक," डावखुरा म्हणाला, आणि मग त्याने ती जरा हळूच वाचली. एका वयोवृद्ध माहितगाराने दाखवलेली जागा इतरांशी जुळत नाही. वयोमानाने स्मरणात गोंधळ झाला असावा, म्हणून ती वगळली आहे.

हसणं पुन्हा उसळलं. तांडेलाने जाळं गुंडाळलं आणि तो घरी आला. त्याला रात्रभर राग आला नाही, पण झोपही आली नाही.

पुढच्या हंगामात वहीवाली परत आल्या. दांडा राखीव झाल्यापासून तिथे होडी फिरकली नव्हती. उथळ पाणी, वर शांतता. सीलांना हे कळायला वेळ लागला नाही. शंभरावर सील तिथे पसरले होते, आणि दांड्याच्या पलीकडच्या खोल पाण्यात एक उंच काळं शीड सावकाश येरझाऱ्या घालत होतं. बाईंनी दुर्बीण तांडेलाच्या हातात दिली.

"बघा, त्यांचं बरोबर होतं," त्या मायेने म्हणाल्या. "मनाला लावून घेऊ नका. वयाबरोबर होतं असं."

तांडेलाने दुर्बिणीतून बराच वेळ बघितलं. "हो बाई," तो म्हणाला. "जाणती माणसं आहेत."

आता कपारीवर सील नव्हते, शिडवाला नव्हता, वाटा मागणारं कोणी नव्हतं. त्या दिवशी तांडेलाची होडी काठापर्यंत पाण्यात दबून बंदराला लागली. डावखुऱ्याने टोपल्यांकडे बघितलं आणि आ वासला.

"काका, कुठे मिळाली एवढी?"

"दीपस्तंभ आणि धुराडं एका रेषेत," तांडेल म्हणाला. "खडकांच्या पलीकडे. कपार आहे."

डावखुऱ्याने डोळा मारला. "सांगायचं नसेल तर दांड्यावर म्हणा की. एवढी गोष्ट कशाला रचता?"

आणि तो हसत हसत दुसऱ्या होडीकडे विचारायला गेला. तांडेलाची बायको खाली बसून जाळ्यातला काळा चिखल धूत होती. तिने मान वर केली नाही, पण तिचे खांदे हलत होते.