महाराणीने पालथं घातलेलं घमेलं

सासूबाईंच्या मायेपुढे कुणाचं काही चालत नसे. सुनेला दिवस गेले तसं त्यांनी नव्या गव्हाचं पहिलं पोतं तिच्यासाठी बाजूला काढलं. बाकीचे सगळे जुनाच गहू खात होते. यंदा गहू फुलोऱ्यात असताना पाऊस लागून राहिला होता आणि कितीतरी लोंब्या वेळेआधीच पांढऱ्या पडल्या होत्या. "लवकर पिकल्या, बरंच झालं," असं सासऱ्यांनी ठरवून टाकलं. दाणा सुरकुतलेला निघाला, पण नवं ते नवं!

सून रोज त्या गव्हाची पेज प्यायची आणि रोज ओकायची. "मलाही असंच व्हायचं," म्हणत सासूबाई आणखी एक वाटी पुढे करत. सून बिचारी तीही संपवायची. तिची गालफडं बसली, तेव्हा मात्र सासूबाई काळजीत पडल्या.

अशात त्या गव्हाची थोडी भरड डुकरिणीपुढे पडली. हिला सगळे थट्टेने महाराणी म्हणत, कारण हिला काहीही चाले. सासऱ्यांची चप्पलसुद्धा हिने फस्त केली होती. आज मात्र तिने नुसता वास घेतला आणि तोंड फिरवलं.

"माजलीये! उपाशी ठेवा, झक मारत खाईल," सासरे कडाडले.

दुसऱ्या दिवशी महाराणीने घमेलंच पालथं घातलं. सासूबाई चरकल्या. मूठभर गहू उन्हात धरला, तर दाण्यांवर गुलाबी झाक! तशाच त्या शेतकी अधिकारी बाईंकडे धावल्या.

"लोंबीवरची बुरशी आहे ही," बाई म्हणाल्या. "दाण्यात विष उतरतं, उलट्या होतात. डुकरं तर शिवतही नाहीत त्याला. सुनेला आधी डॉक्टरांकडे न्या."

डॉक्टरांनी तपासलं आणि हसून सांगितलं, "बाळाचे ठोके खणखणीत आहेत. तो गहू वेळेवर थांबवलात."

घरी परतल्यावर सासूबाई जुन्या गव्हाची पेज घेऊन थेट गोठ्यामागे गेल्या. महाराणी मचमच खाऊ लागली आणि त्यांचे डोळे भरून आले. "बाई, तुझे उपकार कसे फेडू गं?"

मागे सून उभी होती. "आई, मलाही ती पेज नकोशी व्हायची. पण वाटी पालथी घालायची हिंमत नव्हती."

सासूबाईंनी तिला जवळ ओढलं.

"यापुढे खुशाल घाल. मी फरशी पुसेन."