डावा हात वर

केशरच्या छातीत मशीन होतं आणि तिच्या धाकट्या बहिणीच्या, बेबीनंदाच्या छातीत नुसता जळफळाट!

चार वर्षांपूर्वी केशर शाळेत दोनदा डोळ्यांपुढं अंधारी येऊन धाडकन पडली होती. हृदयाची लय बिघडते म्हणून डॉक्टरांनी तिच्या डाव्या खांद्याखाली काडेपेटीएवढं मशीन बसवलं आणि त्याची वायर थेट हृदयात सोडली. लय बिघडली की मशीन झटका देणार, पोरगी वाचणार. तेव्हापासून कुंभार पिंपळगावच्या त्या घरात दुधावरची साय केशरची, खिडकीजवळची खाट केशरची. आणि झाडलोट, धुणं, हापसा? सगळं बेबीचं! केशरनं कधी काय खाल्लं, कुणी तिची किती विचारपूस केली, बेबीला सगळं पाठ.

पण यंदा बेबी नववीत होती आणि सव्वीस जानेवारीच्या लेझीमची शिट्टी तिच्या गळ्यात होती. पन्नास पोरी तिच्या इशाऱ्यावर!

"आई, समद्यांनी यायचं. म्होरं बसायचं."

"येतो गं माय, बिलकुल येतो," आई, गिरिजाबाई, म्हणाली.

डिसेंबरात वेणी घालताना केशरला पहिला झटका बसला. ती किंचाळली, कंगवा पार न्हाणीपर्यंत उडाला. आईनं मशीनच्या फुगवट्यावर कुंकवाचं बोट टेकवलं आणि गल्लीत गूळ वाटला. "देवावानी हाय मशीन. माझी लेक वाचवली!" शेजारच्या झुंबरबाई तर त्या फुगवट्याला हात जोडून गेल्या.

"आता हिची आरतीच करा," बेबी पुटपुटली.

दुसरा झटका बसला तेव्हा घरात फक्त बेबीच होती. तिनंच टोमणा मारला होता, "महाराणी, सोताची ओढणी तरी वाळत घाला." केशर ओढणी दोरीवर टाकायला गेली आणि ओरडत मटकन खाली बसली. पुन्हा गूळ वाटला. टोमण्याचं बेबी कुणालाच बोलली नाही.

सव्वीस जानेवारीची सकाळ. बेबी बहिणीपेक्षा चांगली उंच, त्यात उभीच. केशर टाचा उंचावून तिच्या केसांत रिबीन बांधत होती.

"हलू नको ना, माकडीण!"

आणि केशर ओरडली. लगोलग आणखी एक झटका. बाप, संपत गुरुजी, इस्त्रीचा सदरा टाकून धावले. आई गुळाचा डबा काढायला गेली. बेबीकडं कुणी बघितलंसुद्धा नाही.

आजच? आजच बरी वेळ सापडली हिला!

पण जळणाऱ्याचा डोळा लई बारीक. वेणी, दोरी, रिबीन. तिन्ही वेळा डावा हात वर! आणि अंधारी? एकदाही नाही. केशर तर चांगली शिव्या देत होती.

सांगितलं तर घरदार आत्ताच औरंगाबादला निघणार. शिट्टी वर्गातल्या मालनच्या गळ्यात. दुपारपर्यंत गप्प बसलं तर काय बिघडणार होतं?

तेवढ्यात केशर डोळे पुसत उठली. "ये, रिबीन राह्यली तुझी." आणि तिचा हात वर जाऊ लागला.

बेबीनं झडप घालून मनगट धरलं. "हात खाली! खाली ठेव म्हणते ना! आई, गूळ ठिव बाजूला. मशीन बिघडलंय." आणि ओढणीचा टोमणासुद्धा तिनं रडत सांगून टाकला.

औरंगाबादला डॉक्टरांनी मशीन कॉम्प्युटरवर तपासलं. आधी झटके बंद केले, मग केशरला हात वर करायला लावला. पडद्यावरची सरळ रेघ कोंबडीनं उकरल्यासारखी झाली.

"वायर आतून तुटत आलीय," डॉक्टर म्हणाले. "हात हलला की मशीनला वाटतं हृदयच बिघडलं. हे झटके फुकटचे होते. आणि खरी गरज पडली असती, तेव्हा कदाचित झटका मिळालाच नसता. आता नवी वायर घालू."

"अन् मी गूळ वाटून राह्यले!" आईनं कपाळावर हात मारला.

"ओढणीनं तुटली का?" बेबीचा आवाज एवढुसा.

"नाही गं. ती हळूहळू झिजते. पण हाताचं कुणाच्या लक्षात आलं?"

"हिच्या," केशर म्हणाली. "जळती ना माझ्यावर! दिसभर माझ्यावरच डोळा."

गुरुजी हसले, मग चष्मा पुसत बसले.

नवी वायर बसल्यावर आईनं वॉर्डातच पिशवीतून गूळ काढला. या वेळी पहिला खडा बेबीला मिळाला. मोठा मात्र केशरला मिळाला, हे बेबीनं बघितलंच.